हजाराच्या आत

१

खुनी सापडला. मीच पकडला. त्याने कबुलीही दिली, आणि ती इतक्या नीटनेटक्या सरकारी भाषेत की टायपिस्टला एक शब्द बदलावा लागला नाही. प्रकरण संपलं.

आता वरचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असं समजा. मला तसं समजायला सांगण्यात आलं आहे, आणि नोकरीवर असल्यामुळे मी समजलोही आहे. खुनी नाही, कबुली नाही, मेलेला माणूसही नाही.

तर हा न मेलेला माणूस मंगळवारी सकाळी सरकारी मोटारखान्यात, भिंत आणि मोटार यांच्या मधे सापडला. छातीत काही उरलं नव्हतं. मोटारखान्यातला हा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याला सगळे मामा म्हणायचे. वाहन खात्याचे उपसचिव, म्हणजे आमचे मोठे साहेब, तेसुद्धा मामाच म्हणायचे, शिव्या देतानाही.

मी मालमत्ता विभागाचा तपासनीस. हरवलेल्या खुर्च्या आणि पाय फुटलेले पंखे ही माझी गुन्हेगारी दुनिया. माणूस मेल्यावर पोलिस यायला हवेत हे मलाही कळतं. ते आलेही होते. पण ज्या गाडीतून आले ती मामांना चिरडणाऱ्या गाडीच्याच जातीची निघाली, तेव्हा खाली न उतरता काच वर करून परत गेले. म्हणून मला बोलावलं.

"संध्याकाळपर्यंत मामांची चूक शोधून काढा," मोठे साहेब म्हणाले.

"चूक मामांचीच आहे का, साहेब?"

"मेलेल्याची असली की कोणाची बढती अडत नाही."

मोटारखान्याच्या दाराशी मामी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मामांचे इस्त्रीचे कपडे. शर्टाची कॉलर मोडू नये म्हणून पिशवी उभी धरली होती.

"चौकशीवाला तूच का रे?"

"हो, मामी."

"हे बघ, कोणी केलं, कसं केलं, ते मला नको सांगूस. मला एक चिठ्ठी दे. ते गेले, एवढं लिहिलेली. इस्पितळवाले म्हणतात, कशाने गेले ते खात्याकडून लिहून आणा, त्याशिवाय शीतगृहातून माणूस हातात देत नाही. मी काय म्हणू त्यांना? आमचाच आहे हो, ओळखीचा आहे?"

"संध्याकाळपर्यंत देतो, मामी."

"रात्री दोन ताटं झाकून ठेवली होती," त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या. "दोन्ही तशीच राहिली."

संध्याकाळपर्यंत देतो, असं मी म्हणालो होतो. आमच्या देशात दिलेल्या शब्दांचं जे होतं तेच त्याचंही झालं.

२

गाड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगूनही वाटेलच, पण मग तो वेडेपणा निदान माझा वाटणार नाही.

मी जन्मायच्या आधी आमच्या सरकारने थंड मुलखातल्या एका कंपनीकडून एक हजार मोटारी मागवल्या. मोटारी आल्या. पैसे काही गेले नाहीत. करारच तसा होता: आधी चाचणी, मग पैसे. चाचणी प्रत्येक गाडीला हजार किलोमीटरची. एक जरी गाडी हजाराच्या पुढे गेली, तरी सगळा माल पसंत पडला असं धरायचं आणि सगळे पैसे एकदम मोजायचे. कंपनीला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. कंपनीने आमचं सरकार पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून गाड्या चाचणीवरच आहेत. मंत्री त्यांतून फिरतात, पोलिस त्यांतून चोर पकडतात, साहेबांची नातवंडं त्यांतून शाळेत जातात, आणि एकही गाडी हजाराच्या पुढे गेलेली नाही. कारण दिवसाचं काम संपलं की मोटारखान्यात उतरवणी होते. ताप उतरवतात तसा आकडा उतरवायचा. मागची चाकं जॅकवर उचलायची, रिव्हर्स गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवायची. चाकं हवेत उलटी फिरतात आणि डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा निमूटपणे मागे येतो. दिवसभरात जेवढं गेलं तेवढं संध्याकाळी परत. एवढी धावपळ करून इतकी जागच्या जागी राहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे आमचा पगार.

उतरवणीचे मुख्य मामा. जॅक सटकला तर रिव्हर्समधली गाडी मागे उडी घेणार, म्हणून त्यांनी नियम घातला होता: गाडीचं तोंड भिंतीकडे, शेपूट दाराकडे, आणि मागे कोणी उभं राहायचं नाही. सटकलीच तर अंगणात जाईल. मामा स्वतः भिंतीला टेकून, गाडीच्या नाकासमोर स्टूल टाकून बसायचे. मोटारखान्यातली सगळ्यात सुरक्षित जागा ती.

मी आत गेलो तेव्हा दहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. मोटारखान्याचा प्रमुख, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात, तो हाताला लागलेलं ग्रीस कापसाने पुसत माझ्या मागेमागे येत होता. हाताला ग्रीस नव्हतंच, तरी पुसत होता.

"जॅक सटकला हो," तो म्हणाला. "गाडी मागे उडाली. मामा मागे उभे होते. संपलं. लिहा."

"ज्यांनी नियम घातला तेच मागे उभे होते?"

"वय झालं होतं. पुढच्या महिन्यात निवृत्तच होणार होते. मोठ्या साहेबांना त्याच काळजीने झोप नव्हती. म्हातारा घरी बसला आणि उतरवणीबद्दल कुठे बोलला म्हणजे?"

ही माहिती मी मागितली नव्हती. न मागता मिळालेल्या वस्तूवर आमच्या विभागात आधी संशय घेतात.

गाडी दाखव म्हटल्यावर त्याने दहावी दाखवली. ती शेपूट भिंतीकडे करून उभी होती. मागच्या बंपरला डाग होते, तेही मी पाहिले. पण माझं आयुष्य खुर्च्यांखाली वाकून बघण्यात गेलेलं आहे, त्यामुळे मी गाडीखालीही वाकलो.

या गाड्यांना सुटे भाग मिळत नाहीत. पैसेच न दिलेल्या गाडीचे सुटे भाग कोण पाठवणार? त्यामुळे सगळ्यांच्या इंजिनांतून तेल गळतं, आणि प्रत्येकीच्या नाकाखाली, भिंतीजवळ, पत्र्याचा एक ट्रे असतो. नऊ गाड्यांच्या नाकाखाली ट्रे होते. दहावीचा ट्रे तिच्या शेपटाखाली होता. नाकाखाली स्वच्छ फरशी, आणि त्या फरशीवर तेलाचे ताजे थेंब.

"मिस्त्री," मी खालूनच विचारलं, "हिला शेपटातून गळतं का?"

वर पाहिलं तर मिस्त्री मामांच्या स्टुलावर मटकन बसला होता. मग ते स्टूल कोणाचं हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो ताडकन उठला.

माणूस मेल्यानंतर गाडी फिरवून ठेवली होती.

३

"फिरवली मी," मिस्त्री म्हणाला. "मारलं मात्र नाही. आईशप्पथ."

"आधी बसा."

"त्या स्टुलावर नको."

आम्ही दोघं फरशीवर बसलो.

"सकाळी दार उघडलं," तो म्हणाला, "तर गाडीचं नाक भिंतीला, मामा मधे. इंजिन बंद पडलेलं. आत डोकावून आकडा बघितला. हजाराच्या पुढे! हजाराच्या पुढे, तपासनीस! मामा गेले ते गेलेच, पण अख्खा देश माझ्या मोटारखान्यात बुडतोय ना?"

"मग काय केलंत?"

"मामांना बाजूला घेतलं, अंगावर माझा शर्ट घातला. आणि उतरवणी केली."

"शेजारी माणूस मरून पडलाय आणि तुम्ही उतरवणी केलीत?"

"रडत रडत केली हो!"

काही गोष्टींना खात्यात शब्द नाहीत.

"मग वाटलं," तो पुढे म्हणाला, "उद्या कोणी विचारलं, रिव्हर्समधली गाडी पुढे कशी आली, तर काय सांगू? म्हणून फिरवून ठेवली. बंपरला डागही मीच लावले. मामा, माफ करा."

"गाडीत बसून फिरवलीत?"

"छे! बसवेना. उतरवणीला दार उघडून बाहेरूनच गिअर टाकला, वीट ठेवली. आणि फिरवली ती ढकलून, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून. बसलो असतो तर वेडच लागलं असतं. आधीच ती घंटी डोकं खात होती."

"कसली घंटी?"

"पट्ट्याची. उतरवणीभर टिंग टिंग टिंग. मला वाटलं मामाच ओरडतायत, आकडा बघ, आकडा बघ."

या गाड्यांत ड्रायव्हरने पट्टा लावला नाही की घंटी वाजते. पण आमच्याकडे पट्टा लावणं म्हणजे आपल्याच हातावर भरवसा नाही अशी जाहीर कबुली. त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळ्या ड्रायव्हरांनी पट्टे सीटच्या पाठीमागून नेऊन रिकामेच अडकवून टाकले. घंटीही गप्प आणि अब्रूही शाबूत. मी नऊच्या नऊ गाड्या उघडून पाहिल्या. पट्टे सीटमागे अडकवलेले, वर बोटभर धूळ, एकीत कोळ्याने जाळंसुद्धा विणलेलं.

दहावीतला पट्टा मात्र सुटा होता. दाराशेजारी त्याच्या जागी, नीट गुंडाळून गेलेला.

मी मामांच्या स्टुलासमोर उभा राहिलो आणि हिशोब मांडला. रिव्हर्समधली गाडी मागे जाते आणि आकडा खाली येतो. ही पुढे आली आणि आकडा वर गेला. म्हणजे कोणीतरी उतरवणीच्या गाडीत मुद्दाम पुढचा गिअर टाकला होता. मोटारखान्यातली सगळ्यात सुरक्षित जागा त्याने एका गिअरने बदलून टाकली होती, आणि मामांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

आकडा हजाराच्या आत ठेवण्यासाठी अख्खं सरकार राबत होतं. तो पुढे जावा असं वाटणारा माणूस देशात एकच होता, आणि तो मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलेला असायचा.

४

त्याचं नाव कंपनीच्या कागदांवर असेल. आमच्याकडे त्याला जावई म्हणतात. थकलेले पैसे घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं सांगून कंपनीने त्याला तरुणपणी पाठवलं होतं. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. आला तो गेलाच नाही, रोज फुकटचा चहा, आणि कोणाला हाकलताही येईना. नाव आपोआप पडलं. मामा-मामींना मूलबाळ नाही. मामी म्हणायच्या, मुलगी नाही तरी जावई पदरात पडलाच की. रात्रीचं जेवण त्याचं त्यांच्याकडेच.

आमची भाषा तो कुठल्या शाळेत शिकला नाही. सरकारने त्याच्या कंपनीला पाठवलेल्या उत्तरांवरून शिकला.

"स्थानापन्न व्हावे," बाकावर सरकत तो म्हणाला. "आपल्या आगमनाची नोंद घेण्यात आली आहे."

"मामा गेले, कळलं ना?"

"सदर बाब अत्यंत खेदाची आहे." त्याचे ओठ थरथरत होते. त्या वाक्याला थरथरायची सवय नव्हती.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"उपरोक्त वेळी मी मामींकडे जेवणास उपस्थित असणे अपेक्षित होते."

"होतात का?"

"अपेक्षित होतो."

दोन ताटं. सकाळी मी समजलो होतो, एक मामांचं आणि एक मामींचं. पण मामी नवऱ्यासाठी थांबल्या तरी स्वतःचं ताट वाढून झाकून कशाला ठेवतील?

"समजा," मी म्हणालो, "एखादी गाडी हजाराच्या पुढे गेली, तर तुमचे पैसे मिळतात. बरोबर?"

"बरोबर. त्याखेरीज कलम आठ आहे." करार त्याला तोंडपाठ होता. "चाचणीच्या काळात गाडीमुळे प्राणहानी झाल्यास चाचणी संपली असे समजावे व संपूर्ण रक्कम तात्काळ देय राहील."

"म्हणजे मामा गाडीमुळे मेले, तर कंपनीला हजार मोटारींचे पैसे मिळतात. आणि तुम्ही घरी जाता."

तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसला. त्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला, समोरासमोर, एक फिकट डाग पडलेला आहे. बघून बघून पडला असावा.

"घरी," तो म्हणाला. "हा शब्द मी मामींकडून शिकलो. पत्रांमध्ये तो नसतो."

५

संशयित तीन होते. मोठे साहेब, कारण मामांनी निवृत्त होऊन तोंड उघडलेलं त्यांना परवडणारं नव्हतं. पण मोठ्या साहेबांना गाडीचं पुढचं दार कुठून उघडतं हेच माहीत नाही. जन्मभर मागे बसले. शिवाय आकडा हजाराच्या पुढे नेण्यापेक्षा त्यांनी स्वतःला गाडीच्या पुढे नेऊन उभं केलं असतं. दुसरा मिस्त्री. तो खोटं बोलला होता, पुरावा फिरवला होता. पण त्याने घंटी ऐकली होती. पट्टा सीटमागे अडकवलेला असता तर घंटी वाजलीच नसती. म्हणजे मिस्त्री येण्याआधीच कोणीतरी तो तिथून सोडवला होता. आमच्या देशात एकही ड्रायव्हर असा नाही की जो त्या पट्ट्याला हात लावेल.

उरला तिसरा. पण पट्ट्यावर नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून मी जावयाला मोटारखान्यात घेऊन आलो. म्हणालो, "मला गाड्यांतलं काही कळत नाही. माल तुमचा आहे. जरा आत बसून दाखवा, गिअर कुठे असतो, वीट कुठे ठेवतात."

पहिल्या गाडीचं दार मी उघडलं. किल्ली माझ्या खिशात होती. इंजिन बंद. गाडी चारही चाकांवर उभी.

जावई आत बसला. "हा गिअर," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात सीटच्या मागे गेला. रिकामा अडकवलेला पट्टा त्याने सोडवला, धूळ झटकली, छातीवरून ओढला आणि खट्‌कन लावला. मग दुसरा हात गिअरवर ठेवला.

मिस्त्रीच्या हातातला कापूस खाली पडला.

जावई आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने खाली, स्वतःच्या छातीकडे पाहिलं. सावकाश बटण दाबलं. पट्टा सुर्रकन गेला आणि दाराशेजारी नीट गुंडाळून बसला, दहाव्या गाडीतल्यासारखा.

"लहानपणापासूनची सवय आहे," तो म्हणाला. मग सरळ बसला. "सदर मृत्यू माझ्या हातून घडला आहे, हे मी कोणत्याही दबावाविना कळवीत आहे."

"का?"

"आईशी फोनवर बोलणे झाले. तिने विचारले, कोण बोलतंय. मी नाव सांगितले. ती म्हणाली, तो परदेशी गेलाय, पुढच्या महिन्यात येईल, तेव्हा फोन करा." त्याने गिअरच्या मुठीवर हात फिरवला. "दहावी गाडी जॅकवर होती. मामा पलीकडे विटा काढत होते. मी बसलो आणि पुढचा गिअर टाकला. एकच गाडी हजाराच्या पुढे न्यायची होती. कोणास इजा करण्याचा प्रस्ताव नव्हता. आकडा गेला हजाराच्या पुढे. मी पाहिला. त्यानंतर मामांना आवाज वेगळा लागला."

"रिव्हर्स रडतं," मिस्त्री हळूच म्हणाला. "पुढचा गिअर गातो."

"ते धावत आले, आणि जिथे नेहमी बसतात तिथे उभे राहिले. नाकासमोर. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, ‘अहो जावईबापू, उतरा खाली, ताट थंड होतंय.’ ते हसत होते. मी उतरण्यासाठी वळलो. गाडी हलली, जॅक सटकला."

पुढचं त्याला सरकारी भाषेत सांगता येईना, आणि दुसरी भाषा त्याच्याकडे फारशी नव्हती.

"मग पळालात?"

"बाकावर जाऊन बसलो. मला दुसरी जागा नाही." त्याने दोन्ही हात पुढे केले, बेडी घालायला. "मला अटक करण्यात यावी. शिक्षेला शेवटची तारीख असते असे ऐकून आहे."

तो खून, की अपघात, ते ठरवायला न्यायाधीश होते. माझं काम संपलं होतं. मामींची चिठ्ठी आता लिहिता येणार होती. मला चक्क आनंद झाला, आणि तो जिना चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकला.

६

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं. मग उठून दाराची कडी लावली.

"कलम आठ," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"मामा मेले तर चाचणी संपली. गाडी हजाराच्या पुढे गेली तरी चाचणी संपली. चाचणी संपली की पैसे. इतक्या वर्षांच्या व्याजासकट." ते खिडकीतून बाहेर बघू लागले. "म्हणजे विकायला काढा ही इमारत, तो रस्ता, पलीकडचं बंदर. तुम्ही धरून."

"मग मामांचीच चूक असं लिहितो."

"चूक त्यांची असली तरी मेलेच ना ते?"

"हो."

"मग नाही."

"हृदयविकार लिहू?"

"मोटारखान्यात? गाडीसमोर? कंपनी डॉक्टर पाठवेल."

"साहेब, माणूस शीतगृहात आहे. बाई दाराशी कपडे घेऊन बसली आहे."

"तेच म्हणतोय मी. दाराशी बसलीये तोवर ठीक आहे. चिठ्ठी घेऊन बाहेर गेली की संपलं."

मला वाटलं, निदान कंपनी तरी खरं बोलेल. तिचा तर फायदाच होता. साहेबांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा थंड आवाज बराच वेळ बोलला. दुभाष्याचं काम अर्थातच जावयाकडे होतं, म्हणून कडी काढून त्याला आत घेतलं. तो दारात उभा राहून, हात मागे बांधून, एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत गेला.

"कंपनी कळविते की, कंपनीच्या गाड्या जॅकवरून सटकत नाहीत. कंपनीची माणसे असे वर्तन करीत नाहीत. चाचणी कंपनीच्याच माणसाने संपविली असे ठरल्यास आपले सरकार एक पैसाही देणार नाही, याची कंपनीस जाणीव आहे. सबब, कंपनीच्या मते काहीही घडलेले नाही." तो थांबला. फोनमधून आणखी एक वाक्य आलं. "आणि मी माझ्या जागेवर परत जावे. पैसे मिळेपर्यंत."

"मीही तेच म्हणतोय!" मोठे साहेब फोनमध्ये वाकून म्हणाले. जावयाने तेही भाषांतर करून सांगितलं. मी जन्मायच्या आधीपासून चाललेल्या या व्यवहारात दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. साहेबांनी आनंदाने सगळ्यांना चहा मागवला.

मग त्यांनी इस्पितळात फोन केला. मामांची नोंद दुरुस्त झाली. आता तिथे लिहिलं आहे: दाखल. प्रकृती स्थिर.

स्थिर तर होतीच.

७

मामींना मी सांगितलं. काय घडलं ते आणि काय घडलेलं नाही ते, दोन्ही. जावई माझ्या मागे उभा होता.

"मामी," तो म्हणाला, "माझ्याकडून झालं." ना सदर, ना उपरोक्त. मी त्याला पहिल्यांदाच मामींच्या भाषेत बोलताना ऐकलं.

आम्ही वाट बघत होतो, मामी ओरडतील, मारतील, काहीतरी करतील.

"पट्टा लावला होतास?"

"हो."

"ते नेहमी हसायचे तुला. म्हणायचे, आपला जावई उभ्या गाडीतसुद्धा पट्टा लावतो, असला घाबरट." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "झाकून ठेवलं होतं रे तुझं ताट."

जावई तिथेच, फरशीवर बसला. मामींनी त्याला उठवलं नाही, आणि त्या तिथून गेल्याही नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता रडू नकोस. आज चूल पेटणार नाही, आणि पुन्हा तुला वाढेन की नाही तेही मला माहीत नाही. पण तुला ती साहेबांची भाषा येते ना? मग लिही. मला माझा माणूस घरी न्यायचाय."

आता त्या बाकावर दोघं बसतात, मधे पिशवी ठेवून. कपड्यांच्या घड्या विस्कटल्या की मामी ते घरी नेऊन पुन्हा इस्त्री करून आणतात. मोटारखान्यात रोज संध्याकाळी उतरवणी होते. मिस्त्री करतो, उभ्याने, स्टुलावर कोणी बसत नाही. मामांची हजेरी लागते आहे. इस्पितळात चौकशी केली की सांगतात, बदल नाही.

अर्ज त्याच दिवशी दिला. मोठ्या साहेबांनी तो पूर्ण वाचला, भाषेचं कौतुक केलं, आणि मोटारींच्या थकबाकीच्या फायलीत लावून टाकला, म्हणाले विषय एकच आहे. मजकूर जावयाचा, अंगठा मामींचा, शेवटचं वाक्य मामींनी तोंडी सांगितलेलं. तो असा:

प्रति,
मा. उपसचिव, वाहन खाते.

विषय: पतीच्या मृत्यूस मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराचे पती सोमवार सायंकाळपासून स्थिर आहेत. तरी कोणत्याही गाडीमुळे नव्हे, कोणाच्याही चुकीमुळे नव्हे, चालू असलेल्या चाचणीस कसलीही बाधा न आणता, केवळ आपल्या सोयीनुसार व आपण ठरवाल त्या कारणाने, सदर इसमास सोमवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने मृत होण्यास मंजुरी देण्यात यावी, ही नम्र विनंती.

कपडे सोबत आणले आहेत.